बाळाला चेहऱ्यावरचे भाव कसे कळू लागतात: जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंतचे मार्गदर्शन

चेहऱ्यावरील भाव समजणे ही क्षमता बाळात एका दिवशी उगवत नाही. आधी त्याला दोन चेहऱ्यांतील फरक नुसता जाणवतो. पुढे काही महिन्यांनी त्या फरकाला अर्थ आहे, हसऱ्या चेहऱ्यापाठोपाठ एक प्रकारची वागणूक येते आणि रागावलेल्या चेहऱ्यापाठोपाठ दुसऱ्या प्रकारची, हे उमगू लागते. त्याहीनंतर, साधारण वर्षाच्या आसपास, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून स्वतःचे वागणे ठरवता येते. पालकांचे बरेचसे गैरसमज आणि भावना शिकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चित्रकार्डांचे बरेचसे दावे या तीन टप्प्यांच्या सरमिसळीतून निर्माण होतात. म्हणून पुढील प्रत्येक पायरीत त्या वयाचे बाळ नेमके कोठवर पोहोचलेले असते आणि पालकांनी कोणती गोष्ट कशी करावी, हे वेगवेगळे सांगितले आहे.

बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळते हे शोधण्याची साधने थोडीच आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फॅन्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीत दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवतात आणि बाळ कोणत्या चित्राकडे अधिक वेळ पाहते ते मोजतात. दुसऱ्या पद्धतीत एकच चित्र वारंवार दाखवून बाळ कंटाळले की नवे चित्र पुढे करतात. त्याने लक्ष पुन्हा खेचले गेले, तर बाळाला फरक जाणवला असे मानतात. दोन्ही पद्धतींतून सिद्ध होतो तो केवळ पहिला टप्पा. त्यामुळे "चार महिन्यांच्या बाळाला राग ओळखता येतो" अशा स्वरूपाचे विधान वाचले, की त्यामागे फरक जाणवल्याचा पुरावा आहे की अर्थ कळल्याचा, हे आधी विचारावे. बहुतेक वेळा तो पहिल्या प्रकारचा निघतो.

पहिली पायरी: चेहरा नीट दिसू द्यावा (जन्म ते सहा आठवडे)

नवजात बाळाची नजर धूसर असते. सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्याला त्यातल्या त्यात बरे दिसते आणि कुशीतल्या बाळापासून आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. त्या अंतरावरही बारकावे दिसत नाहीत. केस आणि कपाळ यांमधली कड, डोळ्यांचे गडद ठिपके, उघडे तोंड असे ठळक भागच त्याच्यापर्यंत पोहोचतात. तरीही चेहऱ्याची ओढ अगदी सुरुवातीपासून असते. जन्मून काही मिनिटेच झालेली बाळे चेहऱ्यासारख्या हलत्या आकृतीमागे विस्कटलेल्या आकृतीपेक्षा अधिक दूरवर नजर वळवतात, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तेरेझा फारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की नवजात बाळे दुसरीकडे पाहणाऱ्या चेहऱ्यापेक्षा थेट आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्यावर अधिक वेळ रेंगाळतात.

म्हणून या काळात करायचे ते फार थोडे आहे. बाळ जागे, शांत आणि पोट भरलेले असेल अशी वेळ निवडावी. आपला चेहरा वर सांगितलेल्या अंतरावर त्याच्या समोर आणावा. आणि उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे, कारण खिडकी पाठीमागे असेल तर बाळाला समोर केवळ काळी आकृती दिसते. चेहऱ्यावरचे भाव सावकाश बदलावेत. बाळाने तोंड फिरवले, जांभई दिली किंवा हातपाय ताणले, तर त्याला विश्रांती हवी आहे असे समजून थांबावे. पहिल्या आठवड्यांत बाळ आईला मुख्यतः केसांच्या कडेवरून आणि चेहऱ्याच्या बाह्यरेषेवरून ओळखते, त्यामुळे डोके पूर्ण झाकल्यावर त्याने क्षणभर अनोळखी नजरेने पाहिले तर त्यात विशेष काही नाही.

येथे एका प्रसिद्ध दाव्याबद्दल सांगितले पाहिजे. अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी १९७७ मध्ये, दोन ते तीन आठवड्यांची बाळे मोठ्यांचे पाहून जीभ बाहेर काढतात, असे मांडले आणि ते पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शंभराहून अधिक बाळांची पहिल्या नऊ आठवड्यांत चार वेळा तपासणी केली, तेव्हा अशा अनुकरणाचा पुरावा मिळाला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. जीभ दाखवून पाहायला हरकत नाही, मात्र बाळाने प्रतिसाद दिला नाही म्हणून त्याच्याबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

दुसरी पायरी: पाळीपाळीने हसावे, आणि थांबावे (सहा आठवडे ते चार महिने)

झोपेत ओठांवर उमटून जाणारे पहिल्या दिवसांतले हसू कोणाला उद्देशून नसते. समोरच्याकडे पाहून येणारे हसू बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दिसू लागते. येथून चेहरा ही केवळ पाहण्याची वस्तू राहत नाही. मी काही केले की समोरचा चेहरा बदलतो, हे बाळाच्या अनुभवाला येते, आणि पुढची सारी समज या अनुभवावर उभी राहते.

तो अनुभव बाळासाठी किती महत्त्वाचा असतो, हे एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटे त्याच्याकडेच पाहत चेहरा पूर्णपणे निर्विकार आणि स्थिर ठेवते. बाळ आधी गोंधळते, मग हसून, आवाज काढून, हात हलवून तिला परत आणण्याचा प्रयत्न करते आणि उपयोग होत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवून मलूल होते. आईचा चेहरा रागावलेला किंवा घाबरलेला नसतो, ती समोरून गेलेलीही नसते. तुटलेली असते ती केवळ देवाणघेवाण. हा प्रयोग घरी करून पाहू नये, त्यातून नवे काही कळणार नाही आणि बाळाला उगाच त्रास होईल. मोबाइलच्या पडद्यावर खिळलेला आपला चेहरा मात्र बाळाला जवळजवळ असाच दिसत असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष कृती अशी. बाळाकडे पाहून हसावे किंवा दोन शब्द बोलावेत, आणि मग मनात पाचपर्यंत मोजत गप्प राहावे. एवढ्याशा बाळाला उत्तर द्यायला मोठ्यांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, आणि आपली घाई बहुतेक वेळा त्याची पाळी गिळून टाकते. त्याने हुंकार दिला, भुवया उंचावल्या किंवा तोंड उघडले, की त्यालाच उत्तर म्हणून आपला भाव बदलावा. त्याने नजर वळवली, तर चेहरा त्याच्या नजरेसमोर पुन्हा आणण्याचा आग्रह धरू नये. नजर वळवणे हे या वयात स्वतःला शांत करण्याचे प्रमुख साधन असते आणि ते त्याच्या हाती राहू द्यावे. आपले आणि बाळाचे सूर सतत जुळलेच पाहिजेत अशी धास्ती घेण्याचेही कारण नाही. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांनुसार निरोगी, सुखी जोड्यांतही दोघांचे भाव एकमेकांशी जुळलेले असतात ते एकूण वेळेच्या तृतीयांशाच्या आसपास. उरलेला वेळ चुकामूक आणि दुरुस्ती यांतच जातो, आणि दुरुस्त होण्याचा हा अनुभव बाळासाठी मोलाचा असतो.

तिसरी पायरी: चेहरा, आवाज आणि प्रसंग यांना एकत्र ठेवावे (तीन ते सात महिने)

या टप्प्यातील सर्वांत बोलके संशोधन दातांचे आहे. १९८० च्या दशकात रोझ आणि अल्बर्ट कॅरन या संशोधक दांपत्याने दाखवले, की चार ते सात महिन्यांच्या बाळांना हसरी आणि रागीट छायाचित्रे दाखवली असता त्यांचे लक्ष भावापेक्षा दात दिसतात की नाहीत याकडेच अधिक जाते. ओठ मिटलेला राग आणि दात दाखवणारे हसू यांत ती फरक करतात हे खरे, पण तो फरक रागाचा नसून दातांचा असू शकतो. स्थिर चित्रावरून भाव शिकवता येत नाही, याचे इतके स्पष्ट कारण दुसरे सापडणार नाही.

मग बाळ अर्थ कोठून मिळवते? ॲर्लीन वॉकर-अँड्र्यूज यांनी अनेक वर्षांच्या कामातून दिलेले उत्तर असे, की बाळ भाव आधी एकत्रित रूपात ओळखते: हलणारा चेहरा, त्यासोबतचा आवाज, स्पर्शाची जात आणि चाललेला प्रसंग. त्यानंतर त्याला केवळ आवाजावरून भाव ओळखता येतो आणि नुसत्या चेहऱ्यावरून तो ओळखणे सर्वांत शेवटी जमते. यात नवल नाही, कारण कानाची तयारी जन्माआधीच सुरू झालेली असते; नवजात बाळ आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजांतून निवडते, हे १९८० मध्येच दाखवले गेले. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ही समज लवकर येते. साडेतीन महिन्यांच्या बाळांना आईचा आनंदी किंवा दुःखी आवाज तिच्या त्याच भावाच्या चेहऱ्याशी जुळवता आला. परक्या बाईच्या बाबतीत त्याच वयाच्या बाळांना ते जमले नाही. अनोळखी व्यक्तीच्या बाबतीत ही जुळणी सात महिन्यांच्या सुमारास होते.

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. मूल सहा महिने अकरा दिवसांचे असताना दाईने रडण्याचे सोंग केले, तेव्हा त्याचा चेहरा उदास होऊन ओठांचे कोपरे खाली ओढले गेले, अशी नोंद त्यांत आहे. दाई रडण्याचे सोंग करत होती, म्हणजे मुलासमोर रडवेल्या चेहऱ्याबरोबर तिचे सारे वागणेही होते, हे ही नोंद वाचताना विसरू नये.

यावरून रोजच्या वागण्यासाठी पुढील गोष्टी निघतात. आनंद वाटला की तो चेहऱ्यावर आणि आवाजात एकाच वेळी येऊ द्यावा. चेहरा हसरा आणि आवाज त्रासलेला अशी फारकत शक्यतो टाळावी. कपडे बदलणे, अंघोळ, भरवणे यांसारख्या रोज त्याच क्रमाने होणाऱ्या कामांत आपले भावही साधारण त्याच जागी येतात, म्हणून ही कामे वेगळ्या 'शिकवणी'पेक्षा अधिक उपयोगी ठरतात. 'बुवा कुक' हा खेळ या वयासाठी अत्यंत उत्तम आहे: चेहरा लपतो, अपेक्षा ताणली जाते, चेहरा प्रकटतो आणि आवाज उसळतो, भाव, आवाज आणि प्रसंग यांची गाठ त्यात आपोआप बांधली जाते. चार महिन्यांच्या बाळांशी हा खेळ खेळताना शेवटी हसऱ्या चेहऱ्याऐवजी रागाचा किंवा भीतीचा चेहरा दाखवला, तेव्हा त्यांच्या पाहण्यात आणि प्रतिसादात बदल झाल्याचे प्रयोगात दिसले आहे. घरी मात्र शेवट हसराच ठेवावा.

चौथी पायरी: अनेक चेहरे, अनेक माणसे (सात ते नऊ महिने)

सातव्या महिन्याच्या आसपास एक लक्षणीय बदल घडतो. पाच महिन्यांचे बाळ भीतीच्या चेहऱ्याला विशेष महत्त्व देत नाही. सात महिन्यांचे बाळ मात्र हसऱ्या चेहऱ्यापेक्षा भेदरलेल्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहते आणि तिथून नजर सोडवायला त्याला अधिक वेळ लागतो. यावरून बाळ घाबरले असे समजू नये. ते केवळ खिळून पाहत असते. त्या चेहऱ्यावरून आपण काय करावे हे त्याला अजून उमगलेले नसते. हा बदल रांगणे सुरू होण्याच्या आगेमागे येतो, आणि आता बाळ धोक्याजवळ स्वतःहून जाऊ शकत असल्याने हे वेळापत्रक सोयीचेच म्हणावे लागेल.

याच काळात चेहरे पाहण्याची नजर अनुभवाप्रमाणे अरुंद होत जाते. सहा महिन्यांच्या बाळांना एका माकडाचा चेहरा दुसऱ्या माकडापासून वेगळा ओळखता येतो, नऊ महिन्यांच्या बाळांना आणि मोठ्या माणसांना ते जमत नाही, असे २००२ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणून बाळाला निरनिराळ्या वयांची, दाढी असलेली, चष्मा घातलेली, वेगवेगळ्या वर्णांची माणसे जवळून भेटू द्यावीत. परकेपणाची भीतीही याच सुमारास वाढते, त्यामुळे नव्या माणसाने एकदम बाळाला उचलून घेऊ नये. पालकांनी आधी त्या माणसाशी हसून बोलावे, बाळाला कडेवरून हा सारा प्रकार पाहू द्यावा, आणि जवळ जायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे.

पाचवी पायरी: बाळ विचारते तेव्हा चेहऱ्याने उत्तर द्यावे (नऊ ते चौदा महिने)

या लेखातील सर्वाधिक महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण येथे भाव समजणे पहिल्यांदा वागण्यात उतरते. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळ आपल्या नजरेचा आणि बोटाचा रोख पकडू लागते. एखादी वस्तू आपण दोघे मिळून पाहत आहोत, हे त्याला कळते. त्यानंतर ते संदिग्ध प्रसंगी वस्तूकडून आपल्या चेहऱ्याकडे आणि चेहऱ्याकडून पुन्हा वस्तूकडे पाहते, आणि पुढे जायचे की मागे सरायचे हे त्यावरून ठरवते.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा १९८५ मध्ये जेम्स सोर्स, रॉबर्ट एम्ड, जोसेफ कॅम्पोस आणि मेरी क्लिनर्ट यांनी दिला. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये वापरलेल्या काचेच्या टेबलासारखी त्यांची मांडणी होती: अर्ध्या भागात काचेखाली लगेच पृष्ठभाग, उरलेल्या भागात तो खाली गेलेला, त्यामुळे मधोमध कडा असल्याचा भास होतो. मात्र त्यांनी खोली सुमारे ३० सेंटिमीटरच ठेवली, म्हणजे बाळाला उतरावे की नाही असा प्रश्न पडावा. पलीकडे आई, खेळण्याजवळ, चेहऱ्यावर ठरलेला एकच भाव घेऊन उभी. आईचा चेहरा आनंदी असताना वर्षभराच्या १९ बाळांपैकी १४ बाळे काच ओलांडून गेली. चेहरा भीतीचा असताना १७ पैकी एकही गेले नाही. कडाच नसलेल्या टेबलावर मात्र बहुतेक बाळांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याची तसदीच घेतली नाही.

हा शेवटचा भाग पालकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाळ शंका असेल तेव्हाच विचारते. निःशंक असेल तर आपल्या चेहऱ्याची पर्वा न करता पुढे जाते. म्हणून धोक्याच्या जागी आपल्या घाबऱ्या चेहऱ्यावर विसंबणे हा सुरक्षेचा मार्ग असू शकत नाही. जिन्याला अडसर हवाच, औषधे कुलपातच हवीत.

बाळाने आपल्याकडे पाहिले, की उत्तर देण्याची रीत अशी असावी. प्रथम, त्याच्या पाहण्याआधीच आपला भाव जाहीर करू नये. खेळण्यातून अचानक आवाज आला, तर आपण लगेच "अगं बाई!" म्हणून दचकू नये, एक श्वास थांबावे आणि बाळ वळून पाहते का ते पाहावे. दुसरे, उत्तर देताना नजर त्या वस्तूवर ठेवावी, कारण वर्षाच्या आसपासची बाळे मोठ्यांचा भाव कोणत्या वस्तूविषयी आहे हे त्यांच्या नजरेवरून ठरवतात. आपण मोबाइलमधील बातमी वाचून कपाळाला आठी घातली आणि बाळाने ती समोरच्या चेंडूविषयी समजली, तर तो दोष बाळाचा नव्हे. तिसरे, आवाज अवश्य वापरावा. वर्षभराच्या बाळांवर नुसत्या घाबऱ्या चेहऱ्यापेक्षा नुसत्या घाबऱ्या आवाजाचा परिणाम अधिक भरवशाने होतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. बाळ पाठमोरे असेल तर चेहऱ्याचा उपयोगच नसतो. चौथे, मनाई करताना हसू नये. मूल चष्मा ओढते, आपण "नको हं" म्हणतो आणि ओठांवर हसू असते. अशा वेळी मुलाला दोन उत्तरे एकदम मिळतात, आणि त्याने सोयीचे उत्तर निवडले तर नवल नाही.

बाळ पडते तेव्हा हे सारे एका क्षणात पारखले जाते. मोठी इजा नसेल तर रडण्याआधी क्षणभर ते आपल्याकडे पाहते. तेव्हा किंचाळू नये आणि काहीच घडले नाही असा आवही आणू नये. जवळ जाऊन, शांत पण दखल घेणाऱ्या चेहऱ्याने "पडलास का? लागलं का?" असे विचारावे. दुखत असेल तर ते रडेल आणि रडलेच पाहिजे. आपल्या धसक्यामुळे मात्र रडणार नाही.

बाळ या पायरीवर आले आहे का, हे पाहण्याचा एक निरुपद्रवी मार्ग आहे. त्याने कधी न पाहिलेले, थोडे विचित्र हलणारे खेळणे जमिनीवर ठेवावे, आपण हाताच्या अंतरावर साध्या चेहऱ्याने बसावे आणि बाळाची नजर खेळण्यावरून आपल्याकडे येते का ते पाहावे. आली, की हसून "छान आहे" असे म्हणावे आणि ते काय करते ते टिपावे. एकदा पाहिले नाही म्हणून निष्कर्ष काढू नये. कदाचित त्याला शंकाच आली नसेल. भीतीचा चेहरा करून चाचणी घेण्याचे कारण नाही. पडद्यावरचा चेहराही या वयात परिणाम करू लागतो: दूरचित्रवाणीवरील बाई एका खेळण्याला घाबरताना पाहून बारा महिन्यांच्या बाळांनी ते खेळणे टाळले, दहा महिन्यांच्या बाळांवर तो परिणाम झाला नाही. 'त्याला मालिकेतले काय कळते' हा समज पहिल्या वाढदिवसाच्या आत सोडून द्यावा.

सहावी पायरी: दुसऱ्याचे मन वेगळे असते (चौदा महिने ते दोन वर्षे)

बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ मध्ये मुलांसमोर बिस्किटे आणि कच्ची ब्रोकोली ठेवली. संशोधक बाईने बिस्किटांना तोंड वाकडे केले, ब्रोकोलीला आनंदाने दाद दिली आणि मग मुलापुढे हात पसरला. चौदा महिन्यांच्या मुलांनी तिला बहुधा स्वतःला आवडणारी बिस्किटे दिली; अठरा महिन्यांच्या मुलांनी तिला आवडलेली ब्रोकोली दिली. चार महिन्यांत चेहरा हा वस्तूच्या चांगलेपणाची खूण न राहता समोरच्या माणसाच्या आवडीची खूण झाला. हा बदल जोपासायचा तर मोठ्यांच्या आवडीनिवडी मुलासमोर उघडपणे, चेहऱ्यासह, सांगाव्यात: "मला हा वास नाही आवडत, बाबांना आवडतो."

अठरा महिन्यांचे मूल इतरांच्या आपसातल्या व्यवहारांतूनही शिकते. एक मोठा माणूस दुसऱ्यावर खेळणे हाताळल्याबद्दल रागावला, तर पाहणारे मूल त्या खेळण्याला हात लावायला कचरते. पण रागावलेली व्यक्ती पाठ फिरवून बसली असेल तर बिनदिक्कत खेळते. म्हणून घरातील भांडण मुलाला उद्देशून नसले तरी त्याच्यापर्यंत पोहोचते. सेठ पोलॅक यांच्या अभ्यासांत शारीरिक छळ सोसलेली मुले इतर मुलांपेक्षा अगदी पुसट खुणांवरूनही राग ओळखत होती. ज्या भावाचा अंदाज घेणे गरजेचे असते, त्यात मुले तरबेज होतात. मोठ्यांत कधीमधी मतभेद होणारच, ते लपवण्याचा खटाटोपही मुलाला दिसतोच. भांडण मुलासमोर झाले असेल तर समेटही त्याच्यासमोर व्हावा.

सातवी पायरी: भावांना नावे (दोन वर्षांपासून पुढे)

येथे घाई सर्वाधिक होते आणि ती सर्वांत निरुपयोगी असते. शेरी वायडन आणि जेम्स रसेल यांच्या कामानुसार मुले आधी भावांची विभागणी 'छान वाटणे' आणि 'वाईट वाटणे' अशा दोन ढोबळ गटांत करतात. आनंद, राग आणि दुःख यांची नावे प्रथम स्थिरावतात. भीती आणि आश्चर्य नंतर. किळस आल्याच्या चेहऱ्याला तर शाळेत जाणारी मुलेही पुष्कळदा राग म्हणतात. तीन वर्षांच्या मुलाने घाबरलेल्या चेहऱ्याचे चित्र पाहून "रागावलाय" म्हटले, तर ती वयानुरूप पायरी आहे.

नाव चित्रावरून देण्यापेक्षा घडत्या प्रसंगात द्यावे, आणि सोबत कारण जोडावे: "ताई रडते आहे, तिचा मनोरा पडला." चेहरा, आवाज, कारण आणि शब्द असे चारही एकत्र आल्याशिवाय शब्दाला आधार मिळत नाही. गोष्टीचे पुस्तक यासाठी कार्डांपेक्षा बरे, कारण त्यात आधी काय घडले आणि पुढे काय होणार हे असते. मोठ्यांच्या बाबतीतही चेहरा एकटा पुरेसा नसतो. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्याचा निष्कर्ष असा, की रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतातच असे नाही, आणि आठ्या घातलेली माणसे रागावलेली असतातच असेही नाही. म्हणून मुलाला "हा चेहरा म्हणजे राग" असे ठाम समीकरण देऊ नये, "त्याला राग आला असेल का? काय झालं असेल?" असे विचारावे.

पालकांचा स्वतःचा चेहरा

सतत आनंदी चेहरा ठेवणे हे या मार्गदर्शनाचे उद्दिष्ट नाही. दमलेले असताना दमलेला चेहरा दिसणे मुलासाठी हानिकारक नसते. त्याला "आज मी दमले आहे" एवढा शब्दांचा आधार दिला की पुरे. प्रसूतीनंतरचे नैराश्य ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात चेहरा दीर्घकाळ निर्विकार राहतो, देवाणघेवाण मंदावते, आणि बाळही कमी हसू लागते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू किंवा बाळाविषयी अलिप्तपणा टिकला, तर डॉक्टरांना भेटावे. तोवर घरातील दुसऱ्या कोणी रोज काही वेळ बाळाशी दुसऱ्या पायरीतील खेळ खेळावेत, कारण बाळाला भाव शिकण्यासाठी आईच हवी असे नाही.

पडद्यांविषयी थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांनी पडद्यासमोर बसू नये. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अठरा महिन्यांखालील मुलांसाठी व्हिडिओ कॉलला अपवाद दिला आहे, आणि तो योग्य वाटतो, कारण कॉलवरचा चेहरा बाळाला उत्तर देतो.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे सामाजिक हसू दोन महिने उशिरा आले तर तो उशीर नव्हे. हा हिशेब करूनही तीन महिन्यांपर्यंत समोरच्याकडे पाहून हसू आले नाही, सहा महिन्यांपर्यंत मोकळे, आनंदी हसू दिसले नाही, नऊ महिन्यांपर्यंत हसू आणि आवाज यांची देवाणघेवाण सुरू झाली नाही किंवा हाक मारल्यावर बाळ वळत नाही, दीड वर्षापर्यंत लक्ष वेधण्यासाठी बोट दाखवत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना सांगावे. आधी येत असलेले हसणे, पाहणे किंवा बोलणे कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर थांबू नये. डोळ्याची बाहुली पांढरट दिसणे ही तातडीने दाखवण्याची गोष्ट आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या आणि काही महिन्यांतच शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनाही पुढे चेहऱ्यांतील सूक्ष्म फरक ओळखणे जड जाते, असे डॅफ्नी मॉरर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत आढळले.

यांपैकी एखादे लक्षण असणे म्हणजे निदान नव्हे. कमी ऐकू येणाऱ्या बाळाचा प्रतिसादही वरवर असाच दिसू शकतो. म्हणून चेहऱ्यांविषयीची शंका घेऊन जाताना डोळ्यांबरोबर कानांचीही तपासणी मागून घ्यावी. दवाखान्यात बाळ नेहमीसारखे वागत नाही, तेव्हा घरी टिपलेल्या दोन-तीन लहान चित्रफिती आणि तारखेसह लिहिलेल्या नोंदी (काय घडले, समोरच्याचा चेहरा व आवाज कसा होता, बाळाने काय केले) सोबत न्याव्यात.